आसगावचं जर्मन

आमच्या घरात कोणाच्या घशात काटा अडकला की माय कोरड्या भाताचा गोळा करून द्यायची. चावायचा नाही, सरळ गिळायचा. भातासोबत काटा खाली जातो. धिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरात ही गोष्ट ठसका लागल्यावर पाणी देण्याइतकी नेहमीची. त्यामुळे एका संध्याकाळी मी सपरीत, म्हणजे आमच्या घरापुढच्या उघड्या ओसरीत बसून "आख, बुख, नोख" असा घसा खरवडत होते आणि माय चुलीजवळून भाताचा गोळा घेऊन धावत आली, यात तिचं काही चुकलं नव्हतं.

"गीळ आधी! कितीकदा सांगतलं, बारीक मासोळी खाताना बोलत नोको जाऊ."

"माय, काटा नाही अडकला. जर्मन शिकून राहिली मी."

"हे भाषा होय?" माय गोळा हातात धरून तशीच उभी. "असं घसा खाजवत बोलते ते लोकं? मंग जेवते कवा?"

माझ्यासमोर पाटावर बसलेली इंगाबाई हसून हसून लाल झाली आणि तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "आई, आपण चिंता करू नये." मायने मागे वळून पाहिलं. 'आपण' म्हणजे कोण कोण, हे तिला कळेना. शेवटी तिने तो गोळा बाल्याच्या तोंडात कोंबला आणि आत गेली. बाल्या हा माझा शेंडेफळ भाऊ, तेव्हा पाच-सहा वर्षांचा. त्याला कारण लागायचं नाही, भात लागायचा.

इंगाबाई जर्मनीहून आसगावला आली ती तलाव बघायला. गावच्या तलावात मासे कोण सोडतो, जाळं कोण टाकतो, पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात आधी जातं, असं सगळं ती विचारत फिरायची आणि लिहून घ्यायची. नाव इंगे, पण गावाने पहिल्याच आठवड्यात तिला बाई लावून टाकलं. सोबत तिचा पोरगा योनास, बाल्याहून थोडा लहान. नवरा डीटर तिकडेच नोकरीवर. आमच्या मागच्या खोलीत बाबांची जाळी असायची, ती सपरीत आली आणि मायलेक त्या खोलीत राहू लागले. बाबांनी जाळं झटकलं की त्याच्या काठच्या शिशाच्या गोळ्या फरशीवर खळखळ वाजायच्या. इंगाबाई म्हणायची, तिला पहाटे त्या आवाजानेच जाग येते. आम्हाला तो आवाज होतो हेही माहीत नव्हतं.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या धिवरमोहल्ल्यात पहिली, मुलींतही आणि मुलांतही. निकाल लागला तेव्हा बाबांनी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बत्तासे वाटले होते. सरपंचाने इंगाबाईला सांगितलं, धिवराच्या शालूले इंग्रजी येते. येत होतं, कागदावर. बोलायची वेळ आली की वाक्य डोक्यात सुताराच्या रंद्याखालून जायचं आणि बाहेर पडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. इंगाबाईचीही मराठीत हीच गत. म्हणून आमचा सौदा झाला, संध्याकाळी मी तिच्याशी मराठी बोलायचं आणि तिने मला जर्मन शिकवायचं. जर्मनच काहून, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. खरं कारण सांगते. इंग्रजी बोलणारे तालुक्याच्या गावी, पवनीत चार जण होते. जर्मन बोलणारा एकही नव्हता.

आम्ही दोघी अशा कंबर कसून बसलेल्या, आणि ज्याने काहीच ठरवलं नव्हतं तो योनास मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस सरता सरता आसगावचा होऊन गेला. गावाने त्याचा जोनू केला. बाल्या आणि तो सकाळी जे निघायचे ते चिखलाने भरून परत यायचे. सुरुवातीला जोनू नुसता सोबत असायचा, गप्प. मग एक दिवस अंगणातल्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या झाडाखालून आवाज आला, "ए बे बाल्या, मले दे ना बे!" माय सूप पाखडत होती. तिचा हात थांबला. "बाप्पा!" ती म्हणाली, "गोऱ्या पोट्ट्याले वाचा फुटली."

इंगाबाई दारात आली. मुलगा मराठी बोलला याचा आनंद तिच्या तोंडावर होता आणि आपल्याला ते वाक्य कळलं नाही याचं आश्चर्यही. तिने मला विचारलं, "'बे' म्हणजे काय?" मी समजावायला लागले आणि समजावता येईना. जोनूला कोणी समजावलं नव्हतं.

लहान पोरांचं डोकं कोरं असतं म्हणून भाषा लवकर उमटते, असं लोक म्हणतात. असेलही. पण मी त्या अंगणात जे पाहिलं ते वेगळं होतं. जोनूने 'मले दे' म्हटलं नाही तर त्याला जांब मिळत नव्हता. चूक बोलला तर बाल्या त्याला ढकलून द्यायचा, वेडावून दाखवायचा, आणि पुढच्या घटकेला दोघं पुन्हा गळ्यात गळा घालून. इंगाबाई कोणाच्याही घरी गेली की न मागता चहा यायचा. ती अर्धं वाक्य बोलली की लोक उरलेलं स्वतःच पुरं करून मान डोलवायचे. मोठ्या माणसाला कोणी ढकलत नाही. पाहुण्याचा मान राखता राखता आम्ही तिला बोलायची गरजच ठेवली नाही. आणि तिला कोणी हसलं की ती दोन दिवस ते वाक्य तोंडातून काढायची नाही. माझंही तेच. तोंडात काटा आहे असं समजूनच आम्ही दोघी बोलायचो.

हल्ली माझ्या नागपूरच्या वर्गात नर्सिंग झालेल्या मुली येतात, आयटीआय केलेली मुलं येतात. जर्मनीला कामाला जायचं असतं. पहिल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आमचं वय निघून गेलं नाही ना?" मी सांगते, वय गेलं आहे, लाज जायची आहे.

पण हे प्रकरण मी जोनूची वाहवा करायला लिहीत नाही. धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की इंगाबाई त्याच्याशी जर्मन बोलते आणि तो उत्तर झाडीत, म्हणजे आमच्या बोलीत देतो. सुरुवातीला ती हसायची. पुढे हसेना. रात्रीच्या जेवणाला आमच्यासारखाच भात आणि झिंग्याची चटणी कालवून खाताना ती विचारायची, दिवसभर काय केलं. तो सांगायचा, भरभरून सांगायचा, हातवारे करून. तिला त्यातलं निम्मं समजायचं आणि उरलेल्यासाठी ती माझ्याकडे बघायची. आपल्याच पोराचं बोलणं दुसऱ्याला विचारायचं! तिने एकदा मला सांगितलं, डीटरचा फोन झाला की पोरगा 'या' आणि 'नाइन', म्हणजे हो आणि नाही, एवढंच म्हणतो. मागच्या वेळी तेही नाही. डीटर तिला म्हणाला होता, या पुढच्या फोनला मुलगा माझ्याशी बोलला नाही तर दोघंही परत या. इंगाबाईचं काम दसऱ्यानंतर तलाव उतरून मोठं जाळं पडेपर्यंतचं होतं. त्याआधी गेली तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

"तुमचं काम मोठं की त्याचं बोलणं?" मायने तिला सरळ विचारलं. माय अशीच होती.

इंगाबाई बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, "दोन्ही माझेच आहे, आई." त्या वर्षातलं तिचं ते पहिलं वाक्य, जे कोणी पुरं करून दिलं नाही.

तो फोन नेमका तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तान्हा पोळा हा आमच्याकडे पोरांचा सण. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि घरचे बैलाला बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. बाबांचा जुना डोंगा, म्हणजे लाकडी होडी, कुजून फुटला होता. त्याचं शाबूत लाकूड घेऊन त्यांनी सुताराकडून दोन बैल करून घेतले, एक बाल्याचा, एक जोनूचा. एकाच डोंग्याचे, सारखेच, चार चाकांवर उभे. सकाळी इडापिडा घेऊन जाणारी मारबत गावाबाहेर नेताना दोघं गल्लीभर "घेऊन जा गे मारबत" ओरडत फिरले, दुपारी बैल घेऊन निघाले, आणि शेंड्यांच्या घराजवळच्या उतारावर जोनूच्या बैलाचं एक चाक निखळून नालीत गेलं. ते सापडलं नाही. बैल तीन पायांवर लंगडत घरोघर फिरला आणि लंगडा म्हणून त्याला बाल्याच्या बैलापेक्षा जास्त बोजारा मिळाला. बाल्या रागाने जेवला नाही. म्हणजे उशिरा जेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एसटीने पवनीला गेलो. तिथे काचेची खोली असलेला एक फोनबूथ होता. बसमध्ये इंगाबाईने जोनूकडून तीन जर्मन वाक्यं घोकून घेतली. मी बरा आहे, तुझी आठवण येते, मी मोठा झालो. शाळेतली कविता म्हणावी तसा तो म्हणत होता, नजर खिडकीबाहेर. बूथवर घंटी वाजली, इंगाबाई आधी थोडं बोलली, मग रिसीव्हर त्याच्या कानाला लावला आणि बसमध्ये म्हटलं ते म्हण अशी खूण केली.

जोनूने श्वास घेतला आणि बांध फुटल्यासारखा सुटला. "पापा, माह्या बैलाले बोजारा भेटला! बाल्याच्या बैलाहून लय भेटला! त्याचं एक चाक पडलं गा, नालीत गेलं. तू काहून नाही आला? तू आला का चाक लावून देजो!"

"डॉइच, योनास, डॉइच," इंगाबाई म्हणत होती, जर्मन बोल. तो आईकडे बघून तेच पुन्हा बोलला, आणखी मोठ्याने. ऐकू येत नसेल म्हणून. पलीकडून काहीच आवाज नव्हता. इंगाबाई स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. बोजारा, तान्हा पोळा, शेंड्यांचा उतार, यातलं तिलाही काही धड सांगता आलं नसतं. मी बाल्याचा हात आणि छत्री धरून काचेच्या बाहेर उभी होते. छत्री बाल्याला दिली, आत गेले आणि जोनूच्या हातातून रिसीव्हर घेतला. कोणाला विचारलं नाही.

"गुटन टाग," मी म्हटलं. "इख बिन शालू." मी शालू. पलीकडे एक पुरुष खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका अशा माणसाशी जर्मन बोलत होते ज्याला माझं तोंड दिसत नव्हतं आणि जो माझी वाट बघून दमणार होता. प्रत्येक वाक्याआधी मी 'एर झाग्ट' म्हणत होते, तो म्हणतो. तो म्हणतो, माझ्याकडे बैल आहे. पलीकडून प्रश्न आला, कसला बैल? लाकूड या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. झाड येत होतं. "आउस बाउम," मी म्हटलं. झाडाचा बैल.

मग तो हळू आवाजात, हसत म्हणाला, "आउस होल्त्स." लाकडाचा.

"या, आउस होल्त्स," मी म्हटलं. तो म्हणतो, लोकांनी बैलाला भेट दिली. तो म्हणतो, एक चाक हरवलं. तो म्हणतो, तुम्ही का आला नाहीत. तो म्हणतो, तुम्ही आलात की चाक लावून द्या.

डीटर म्हणाला, "नोख माल." पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मला वाटतं, त्याला पहिल्यांदाच कळलं होतं. मग म्हणाला, त्याला सांग, बैल इकडे घेऊन ये, मी चाक लावीन. मी खाली बघून जोनूला सांगितलं, "पापा म्हणते, तिकडं आण, मी चाक लावून देतो." जोनूने मान डोलावली, जणू बाप समोर उभा आहे. बाहेर बूथवाल्याच्या यंत्रावर लाल आकडे पळत होते आणि तो त्यांच्याकडे न बघता आमच्याकडे बघत होता.

डीटरने त्यांना परत बोलावलं नाही. दसरा गेला, तलाव उतरला, जाळं पडलं, इंगाबाईने काय लिहायचं ते लिहिलं. तोवरच्या प्रत्येक फोनला मी गेले आणि माझ्या तुटक जर्मनमधून बाप-लेक बोलत राहिले. मायने माझ्या घशाची काळजी करणं सोडून दिलं. शेजारणीला ती सांगायची, "आमची शालू घसा खाजवते तं जर्मनीत समजते."

ते गेले त्या सकाळी जीप दारात उभी आणि घाईच घाई. मायने तांदळाचे पापड बांधून दिले, जोनूचं सामान भरलं, आणि सपरीत ठेवलेल्या दोन बैलांपैकी एक उचलून पिशवीत घातला. जीप वळल्यावर बाल्याने भोकाड पसरलं. आम्हाला वाटलं, दोस्त गेला म्हणून. तो मागे राहिलेला बैल उचलून दाखवत होता. तीन चाकांचा. त्याचा चांगला बैल जर्मनीला गेला होता.

पुढचं थोडक्यात सांगते. इंगाबाईच्या पत्रातून कळलं, जोनू तिकडे गेल्यावर आजीशी झाडीत बोलला. आजीने उत्तर दिलं नाही. थोडे दिवस चिडला, मग गप्प, मग महिनाभरात जर्मन. पुढचा पोळा येईपर्यंत त्याच्याकडे आसगावचा एक शब्द उरला नव्हता. बाल्याला जर्मनमध्ये दहापर्यंत आकडे येत होते, 'इकडे दे' म्हणता येत होतं. तेही गेलं, कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही. मी नागपूरला गेले, परीक्षा दिल्या आणि याच भाषेवर आयुष्यभर जगले. माझा उच्चार आजही काट्यासारखाच आहे. पण माझा कुठला शब्द कुठे मिळाला ते मी सांगू शकते. होल्त्स पवनीच्या बूथमध्ये मिळाला. नेत्स, म्हणजे जाळं, आमच्या सपरीत मिळाला. जोनूच्या शब्दांना असा पत्ता नव्हता. ते न विचारता आले आणि न सांगता गेले. इंगाबाई अजून फोन करते, ऐंशीच्या घरात आहे आणि विचारते, "जेवलीस का वो शालू?" 'आपण'पासून 'वो'पर्यंत यायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं, म्हणून ते टिकलं असावं. तिचं आणि डीटरचं पुढे पटलं नाही. तो वारल्याचंही तिने असंच एका फोनवर सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात योनास एकटा आसगावला आला. टक्कल, चष्मा, माझ्याहून दोन हात उंच. मी नागपूरहून त्याच्यासोबत गेले. बाल्या आता मच्छीमार सोसायटीचं काम बघतो, पोट सुटलेलं. दोघं तलावाच्या पारीवर समोरासमोर उभे राहिले, हात मिळवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, काय बोलू वो याच्यासंग?" बाल्या म्हणाला.

"तोही तेच विचारून राहिला."

एकेकाळी यांच्या बोलण्यात आम्हा मोठ्यांना शिरकाव नव्हता. आता मी मधे उभी राहून याचं त्याला आणि त्याचं याला सांगत होते. मासे कसे आहेत, पाणी किती आहे, पोरं किती. मग योनास हसून म्हणाला, माझ्याकडे तुमच्या इथला एक लाकडी बैल आहे, वडिलांच्या टेबलावर असायचा. वडील एक गंमत सांगायचे. भारतातली एक मुलगी फोनवर म्हणाली, बैलाचं चाक हरवलं आहे, ते लावून द्या. त्यांनी चाक कोरून ठेवलं. आणि बैल आला तो चारही चाकांवर उभा! बिचारीचं जर्मन कच्चं होतं, ते म्हणायचे, काहीतरी भलतंच बोलली असेल.

मी हे बाल्याला मराठीत सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा चढला असेल. बाल्या घराकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काळा पडलेला बैल होता. त्याने तो पारीवर ठेवला. बैल एका कोपऱ्यावर कलंडला.

"सांग त्याले," बाल्या म्हणाला, "माहा बैल घेऊन गेला म्हणा तो. याचा हा इथं हाय. चाक आणलं असन तं लाव म्हणा."

योनास गुडघ्यावर बसला. बैल हातात घेऊन त्याने चाकाच्या रिकाम्या जागी बोट ठेवलं. मग त्याने मला विचारलं, मी तेव्हा फोनवर काय बोललो होतो?

मी आधी ते त्याच्याच बोलीत म्हटलं, जसं तो म्हणाला होता तसं, तू काहून नाही आला, तू आला का चाक लावून देजो. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली. काही कळलं नव्हतं. मग मी त्याच्या बापाला सांगितलं होतं तसंच, त्याच तुटक जर्मनमध्ये, प्रत्येक वाक्याआधी 'एर झाग्ट' लावून सांगायला लागले. तो म्हणतो, माझ्याकडे बैल आहे. बैल, आउस बाउम.

"आउस होल्त्स," योनासने दुरुस्त केलं. हळू आवाजात, हसत.

मी म्हटलं, हे मला एकदा सांगून झालं आहे.